सिंधू बिरादार, गोचीडवाली

जळकोट तालुक्यातल्या बोरगीवाडीत सिंधू भुजंग बिरादारला गोचीडवाली म्हणतात. पाठीमागे नव्हे, तोंडावर. ती चिडत नाही. पायात गमबूट, खांद्याला खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी, पिशवीत चिमटा, रबरी हातमोजे, बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या आणि एक वही. अशी ती सकाळी निघते आणि लोकांच्या गोठ्यांत शिरते. जनावराच्या कानात, शेपटीखाली, कासेमागे हात घालते. लोकांना जे नको असतं तेच ती मागून नेते.

"सिंधूबाई, आमच्या म्हशीचा गोचीड नुसती उसाची वाढं खाऊन फुगलाय," साहेबराव दावणीपाशी उभा राहून म्हणतो. "लातूरच्या सायबाला त्याच्यापायी साखर झाली तर आम्हाला बोलायचं न्हाई."

"तुमच्या रगतावर वाढला असता तर बाटलीतच झिंगला असता, दादा," ती म्हणते आणि बाटलीवर म्हशीचा नंबर लिहिते.

गोचीड आवाज करत नाही. चावताना दुखवतही नाही. तो जागा शोधतो, तोंड रुतवतो आणि मग दिवसेंदिवस तिथंच राहतो. जनावर गवत खातं, पाणी पितं, उन्हात डोळे मिटून उभं राहतं, आणि त्याच्या कानामागे कुणीतरी त्याच्यावर जगत असतं. सिंधूने एवढे गोचीड पाहिले आहेत की तिला आता त्यांची किळस येत नाही. रागही येत नाही. ती त्यांच्याकडे बघते ती एखाद्या साक्षीदाराकडे बघावं तशी. ह्याला काहीतरी माहीत आहे आणि हा सांगत नाही.

तिचं माहेर देगलूरचं. वडिलांचं बाजारात सरकी-पेंडीचं दुकान होतं. गिऱ्हाईक तेलुगूत भाव विचारी, कन्नडात घासाघीस करी आणि मराठीत निघून जाई. त्या दुकानात बसून ती दहावी झाली, तीन भाषांत नाही म्हणायला शिकली आणि एकोणिसाव्या वर्षी बोरगीवाडीत आली. घरात नवरा भुजंग, सासू लक्ष्मम्मा, देवणी बैलांची एक जोडी. नऊ वर्षांपूर्वी बचत गटातून ती पशुसखी झाली. शेळ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं, अडलेल्या वेताला दवाखान्यात फोन लावायचा. हे काम तिला जमलं, कारण ती घाबरत नसे आणि घाईही करत नसे.

दोन वर्षांपूर्वी तिची चुलत जाऊ मंजुश्री वारली. आठ दिवसांचा ताप. जळकोट, उदगीर, मग लातूर. सिंधू तिन्ही ठिकाणी तिच्याजवळ होती. चौतीस वर्षांची बाई, आठवड्यात डोळे लाल झाले, तोंड सुजलं, नवव्या दिवशी संपली. परतीच्या गाडीत मागे मंजुश्रीचा देह होता, पुढे सिंधू. तिने हातातला कागद वाचला. ताप, असं लिहिलं होतं, आणि पुढे, कारण अनिश्चित. माणूस जातं तेव्हा त्याच्यामागे निदान एक कारण तरी राहावं असं तिला वाटलं. म्हातारपण, साप, विहीर, काहीही. हे दोन शब्द म्हणजे कुणी बघितलंच नाही असं सांगण्याची सभ्य रीत होती.

गेल्या वर्षी लातूरहून डॉक्टर ज्योत्स्ना आल्या. गोचिडांमुळे माणसांना होणाऱ्या तापांचा त्या अभ्यास करत होत्या. जळकोट आणि चाकूर तालुक्यांतली पाच गावं त्यांनी निवडली होती. जनावरांवरचे गोचीड गोळा करायचे, त्यांच्या पोटात कोणते जंतू आहेत ते तपासायचं, आणि त्याच गावांतल्या तापाच्या रोग्यांचं आणि जनावरं हाताळणाऱ्यांचं रक्त तपासून दोन्हींचा मेळ बसतो का ते बघायचं. त्यासाठी गोठे ओळखीचे असलेली बाई हवी होती. शाळेच्या वर्गात त्यांनी अर्धा दिवस सगळं समजावलं. ताप, सडकून डोकेदुखी, अंगदुखी. तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या दिवशी बारीक लाल ठिपके. बरेचदा मनगटं आणि घोट्यांपासून सुरू होतात, तळहात-तळपायांवरही येतात. गोचीड चावल्याचं पुष्कळांना आठवतसुद्धा नाही. आणि तो नखाने चिरडला तर बोटाच्या भेगेतूनही जंतू आत जाऊ शकतो.

बाकाच्या टोकाला बसलेल्या सिंधूने विचारलं, "मॅडम, ह्या तापानं माणूस मरतंय का?"

"वेळेत ओळखला नाही तर मरू शकतं."

"आन ओळखला तर?"

"साध्या गोळ्यांनी बरं होतं. औषध जुनं आहे, कुठेही मिळतं."

"मंग ओळखत कामून न्हाईत?"

ज्योत्स्नाबाईंनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "डेंग्यू आठवतो, टायफॉइड आठवतो. हा आठवत नाही. आणि गावातून आमच्यापर्यंत रक्त येत नाही."

सिंधूने त्याच दिवशी पिशवी घेतली. मंजुश्रीला काय झालं होतं ते आता कळणार नव्हतं, हे ज्योत्स्नाबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, कळू द्या न कळू द्या, पुन्हा माझ्या घरातून असा कागद जाणार न्हाई.

गोचीड मिळाले. रक्त मिळेना. बैलाचा कान लोक खुशाल दाखवत, पण माणसाच्या दंडाला रबर बांधायचं म्हटलं की घरात कुणीच नसे. पाच महिन्यांत बोरगीवाडीतून तिघांनी रक्त दिलं. त्यातलं एक तिचं स्वतःचं होतं, एक भुजंगचं.

आणि तिच्या स्वतःच्या घरात लक्ष्मम्मा होती.

लक्ष्मम्मा बिदरकडची. सत्तरीची, बारीक, ताठ. रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला आणि हातांना विभूती लावून, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर धरायची, पूजा करायची, आणि त्याआधी पाण्याचा घोट घ्यायची नाही. बैलांची काळजी हा तिचा दुसरा नेम. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलांना ओढ्यावर धुऊन आणायचं, जुवाने घट्टे पडलेले खांदे हळद-लोण्याने मळायचे आणि म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. बिरादारांच्या घरी त्या दिवशी आणखी एक रीत होती. बैलाचे कान, गळा, मांड्या घरातल्या थोरल्या बाईने आपल्या हाताने साफ करायच्या. औषध फवारायचं नाही, कारण आवतण दिलेल्या पाहुण्याच्या अंगावर औषध मारत नाहीत. निघालेले गोचीड चुलीत टाकायचे नाहीत, कारण त्याच चुलीवर पुरण शिजायचं. जिवंत सोडले तर परत चढणार. म्हणून अंगठ्याच्या नखावर धरून चिरडायचे. लक्ष्मम्मा हे पन्नास वर्षं करत होती.

ह्या वर्षी सिंधूने तिच्यापुढे चिमटा, हातमोजे आणि रॉकेलची वाटी ठेवली.

"हे काय?"

"आत्याबाई, ह्यानं काढा आन वाटीत टाका. नखानं नका."

लक्ष्मम्माने चिमट्याकडे पाहिलं. "पाव्हण्याला चिमटा लावतेत का गं, यव्वा? तुझ्या देगलूरला लावत असतील."

"देगलूरला पाव्हणे असे न्हाईत, आत्याबाई. चहा पिऊन जातेत."

भुजंग हसला. लक्ष्मम्माही हसली, आणि बैलाचा कान उलटा करून तिने पहिला गोचीड अंगठ्याच्या नखावर फोडला. काळं रक्त पेरापर्यंत आलं. कापूस निंदून त्या बोटांना भेगा पडल्या होत्या. सिंधू बाजूला लोण्याची वाटी धरून उभी होती. सणाचा दिवस आहे, कशाला वाद, असं तिने स्वतःला सांगितलं. लोकांच्या गोठ्यात जे बोलायला ती कचरत नसे ते आपल्या गोठ्यात गिळलं.

पोळ्यानंतर सहाव्या दिवशी लक्ष्मम्माला ताप आला.

पहिल्या दिवशी काढा झाला. दुसऱ्या दिवशी सिंधूने तिला जळकोटला डॉक्टर उमाशंकर यांच्या दवाखान्यात नेलं. बाकांवर, पायऱ्यांवर, बाहेर लिंबाखाली तापाची माणसं बसली होती. डॉक्टर चांगले होते, पण दोन हातांचे होते. सिंधूने गोचिडांचं सांगितलं. ते म्हणाले, अंगावर काहीच दिसत नाही, साथीचा ताप आहे. सलाइन लावलं. चौथ्या दिवशी रक्तातल्या प्लेटलेट कमी निघाल्या. डेंग्यूची तपासणी नकारार्थी आली. ते म्हणाले, कधी कधी येते तशी, उद्या परत बघू, आणखी उतरल्या तर लातूरला न्या.

"डॉक्टरसाहेब, गोचिडाचा ताप असंल तर?"

"ताई, तुम्ही शेळ्यांच्या डॉक्टर ना? मग एवढी सासू माझ्याकडे राहू द्या." बाकावरचे दोघे-तिघे हसले. डॉक्टरांनी म्हातारीच्या दंडावर, पाठीवर पुन्हा नजर फिरवली. "ठिपके कुठे आहेत? दाखवा, मी मानतो."

सिंधूने तिचे घोटे पाहिले, पावलं पाहिली. वर्षानुवर्षं अनवाणी चाललेले, काळे, फुटलेले तळवे. त्यांच्यावर काही दिसणं शक्य नव्हतं. हात लक्ष्मम्माने पदरात घट्ट मुडपून घेतले होते. थंडी वाजते, म्हणाली.

पाचव्या दिवशी सकाळी ताप कमी झाला नव्हता. डोळे लाल होते. लक्ष्मम्मा तरीही उठून भिंतीला टेकून बसली. पूजा करणार म्हणाली.

"आई, आज राहू दे," भुजंग म्हणाला. "द्येवाला कळतंय."

"द्येवाला कळतंय. मला बी कळतंय. पाणी आण."

तिने कपाळाला विभूती लावली. मग दोन्ही तळहातांवर, मनगटांपर्यंत, दाट, हात पांढरेफेक होईपर्यंत चोळली. एरवी ती एवढी लावत नसे. डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. उजव्या हाताने तांब्या उचलायला गेली, तो उचलवेना. सिंधू पुढे झाली. तिने तांब्या घेतला आणि लिंगावर पाण्याची बारीक धार धरली.

पाणी लिंगावरून तळहातावर आलं, तळहातावरून ताटात गेलं. विभूती वाहून गेली. खाली, पन्नास वर्षं हा एक दगड झेललेल्या त्या तळहातावर, मसुराएवढे लाल डाग उमटत गेले. एक, मग दोन, मग मनगटापर्यंत सगळीकडे.

लक्ष्मम्माने बोटं मिटायचा प्रयत्न केला. तळहातावर लिंग होतं, मिटता आली नाहीत.

"कधीपासून हाय हे?" सिंधूने विचारलं.

"परवापासून."

"सांगितलं कामून न्हाई?"

म्हातारीने नजर लिंगावर ठेवली. मग म्हणाली, "असले हात बघितले असते तर म्हणली असतीस, लिंग धरू नका. मरंपर्यंत धरायचं म्हणून आलेय मी. झाकलं."

"आत्याबाई, तुमचं लिंग कोण काढून घेतंय? ज्याला हात दाखवायचा त्याच्यापासूनच झाकला की हो तुम्ही." सिंधूच्या आवाजात राग होता, पण धार ढळली नाही. पूजा होईपर्यंत तिने पाणी धरून ठेवलं. लक्ष्मम्माने लिंग पुसून डबीत ठेवल्यावर मग तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि अंगठ्याने एकेक डाग दाबून पाहिला. काही दाबल्यावर फिके पडत होते. काही पडत नव्हते.

भुजंग म्हणाला, "थेट लातूरला नेऊ. गाडी सांगतो."

"लातूरला जायचं तर जाऊ. पण गोळी जळकोटला सुरू होईल, आन तिच्या आधी रगत निघंल."

"आता रगत? तिला बसता येईना, आन तुला तुपल्या बाटल्याची पडलीय?"

सिंधू त्याच्याकडे वळली. "मंजूच्या येळी कुणालाच बाटलीची पडली न्हवती. लिहिलं काय मंग? अनिश्चित. तसला कागद मी आता घ्यायची न्हाई. गाडी सांगा."

दवाखान्यात नंबर लागला नव्हता. ती सरळ आत गेली. डॉक्टर उमाशंकर एका मुलीचा घसा बघत होते. सिंधूने लक्ष्मम्माला खुर्चीत बसवलं, तिचे दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले आणि ओल्या फडक्याने पुसले.

"दाखवा म्हणला होतात," ती म्हणाली.

डॉक्टरांनी घसा सोडला. चष्मा वर केला, मग खाली केला. मनगटं उलटसुलट पाहिली. "काल हे नव्हतं."

"होतं. विभूतीखाली होतं."

सिंधूने ज्योत्स्नाबाईंना फोन लावून टेबलावर ठेवला. दोघे डॉक्टर बोलले. किती दिवस, लघवी किती, बोलणं शुद्धीत आहे का, प्लेटलेट किती. पलीकडून आवाज आला, "निकालाची वाट बघू नका. डॉक्सीसायक्लिन आत्ता सुरू करा. आधी फक्त रक्त काढून ठेवा."

"करतो," डॉक्टर उमाशंकर म्हणाले. फोन बंद झाल्यावर त्यांनी स्वतः म्हातारीच्या दंडाला रबर बांधलं. शीर सापडायला वेळ लागला. रक्त काढून झाल्यावर कॅप्सूल त्यांनी आपल्या हाताने तिच्या तळहातावर ठेवली. लक्ष्मम्माने ती पाण्याबरोबर गिळली.

लातूरची टीम त्या दिवशी चाकूरला होती. रक्त गार राहायला हवं होतं. भुजंगने समोरच्या कुल्फीवाल्याकडून बर्फ आणला, घरचा थर्मास रिकामा केला, नळी पिशवीत गुंडाळून आत ठेवली आणि थर्मास मोटारसायकलला लटकवला.

"भुजंगभाऊ, चहा हाय का त्यात?" पायरीवरच्या कुणीतरी विचारलं.

"आई हाय त्यात," भुजंग म्हणाला आणि गाडीला किक मारली.

तो दिवस आणि पुढचे दोन दिवस लक्ष्मम्मा दवाखान्यातल्या खाटेवर होती. संध्याकाळपर्यंत लघवी साफ झाली नाही किंवा बोलणं अडखळलं तर लातूर, असं ठरलं होतं. गाडीवाल्याला सिंधूने दारातून हलू दिलं नाही. दर तासाला ती लक्ष्मम्माला तिचं माहेर विचारायची, आईचं नाव विचारायची, बैलांची नावं विचारायची.

"कितींदा विचारतीस गं? मी काय शाळेत हाय?"

"बरोबर सांगून राहिलात तोवर विचारणार."

सातव्या दिवशी, दुपारच्या जरा आधी, घाम आला. आधी कपाळावर, मग मानेवर. सिंधूने पदराने पुसला, परत आला. तिने थर्मामीटर लावला, बघितला, झटकला आणि पुन्हा लावला. डॉक्टर आले तेव्हा ती खाटेच्या कडेला बसली होती, उतरलेला पारा हातात धरून. लक्ष्मम्मा म्हणाली, "डॉक्टर, हिला बी एक गोळी द्या. दोन दिवस जेवली न्हाई."

पंधरा-वीस दिवसांनी ज्योत्स्नाबाई स्वतः बोरगीवाडीत आल्या. पहिल्या रक्तात पुरेसं काही सांगता येत नव्हतं. बऱ्या झालेल्या माणसाचं दुसऱ्यांदा रक्त घेऊन दोन्ही ताडून पाहावं लागतं. लक्ष्मम्मा ओसरीवर शेंगा फोडत होती. दंड पुढे करायच्या आधी तिने विचारलं, "मॅडम, मंजू आमची. तिला हेच झालं हुतं का, ते कळंल ह्यात?"

"नाही, आजी. ते आता नाही कळणार."

लक्ष्मम्मा शेंगेचं टरफल हातात धरून बसली. मग पदराला हात पुसले. "मंग कुणाचं कळंल?"

"तुमचं. आणि ह्यापुढे ज्याला ताप येईल त्याचं."

"घ्या," ती म्हणाली.

दुसरा निकाल आला, ताप गोचिडाचाच निघाला, तेव्हा वाडीच्या नावासमोर पहिल्यांदा तापाचं नाव लिहिलं गेलं. त्या पंधरवड्यात एकोणीस जणांनी रक्त दिलं. समजावायला सिंधूला फार बोलावं लागलं नाही. लक्ष्मम्मा देवळाच्या पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायची आणि कुणाच्या घरात कुणाला ताप होता ते मोठ्याने सांगायची. साहेबराव म्हणाला, "पोलिसापेक्षा ही म्हातारी वाईट," आणि बाही वर करून रांगेत उभा राहिला.

अभ्यासाची मुदत फेब्रुवारीत संपत होती. ह्या एकोणीस नळ्या घेऊन निघताना ज्योत्स्नाबाईंनी सांगितलं, मुदतवाढ मागितली आहे, मिळेल की नाही सांगता येत नाही. बाटल्या, वही, हातमोजे जमा करावे लागतील.

"तुमची मुदत संपतीय, मॅडम," सिंधू म्हणाली. "गोचिडाची न्हाई. बाटल्या न्या. वही ठेवा."

"वही रेकॉर्ड आहे, सिंधूताई."

"मंग मी दुसरी आणते."

तिने आणली. शाळेच्या मुलांची, दोनशे पानी. तिच्यात आता गोचीड नाहीत, तापाची माणसं आहेत. नाव, गाव, ताप कोणत्या दिवशी आला, जनावर कोणतं, कुठे नेलं. पाच वाड्यांतल्या आशाताई, शेळ्या चारणाऱ्या बाया, दुधाच्या गाडीवाला, सगळ्यांकडे तिचा नंबर आहे. डॉक्टर उमाशंकर यांच्याकडे ती आठवड्यातून एकदा जाते आणि मागच्या पेशंटांचं काय झालं ते विचारते. ते कंटाळतात. एकदा म्हणाले, ताई, माझी तपासणी चाललीय का? ती म्हणाली, हाव. सगळेच ताप गोचिडांचे निघत नाहीत. बहुतेक निघत नाहीत. तेही ती लिहून ठेवते.

परवा सोमवारी ती शेळीला लस टोचत होती तेव्हा फोन आला. तीन किलोमीटरवरच्या वस्तीत बैल राखणाऱ्या रामलिंगला ताप होता, डोकं धरून बसला होता, दवाखान्यात जायला तयार नव्हता. सिंधूने लस पुरी टोचली, शेळी सोडली, सुई डबीत टाकली.

"कितवा दिवस?" तिने विचारलं.

"कालपासून हाय."

"त्याला खाटंवरून उठू देऊ नका. मी आले," ती म्हणाली आणि सोयाबीनच्या काढलेल्या रानातून सरळ वाटेला लागली.